‘दोन वर्षं जुना मोबाइल म्हणजे पैसे पाण्यात’ या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दुसऱ्या दिवशी तोच सोसायटीच्या ग्रुपवर, आणि तिसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने तो मला वाचूनच दाखवला. मजकूर थोडक्यात असा: “दोन वर्षांपेक्षा जुनं मॉडेल कधीच घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. अपडेट बंद होतात. व्हॉट्सअ‍ॅप आणि बँकेची अ‍ॅप चालत नाहीत. बॅटरी आधीच मेलेली असते. 5जी मिळत नाही. त्याच पैशात नवा फोन केव्हाही सरस.”

या मेसेजपायी माझ्या भाचीचा ठरत आलेला फोन अडला. तिचं बजेट 25 हजार. फेब्रुवारी 2023 मध्ये बाजारात आलेला सॅमसंगचा गॅलेक्सी एस23 तिला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून विकलेला, मिळत होता. भाऊजींनी मेसेज वाचला आणि म्हणाले, “जुनं काहून घेऊन राहिली? नवा घे न.” मी नागपूरच्या बर्डीत चौदा वर्षांपासून मोबाइल दुरुस्तीचं काम करतो. हे पाचही मुद्दे रोज टेबलावर उघडून बघतो, म्हणून एकेकाचं उत्तर देतो.

पहिला मुद्दा अपडेटचा. पाचांत हाच खरा महत्त्वाचा, आणि मेसेजमध्ये नेमका हाच उलटा सांगितलाय. सगळ्या फोनांचे अपडेट दोन वर्षांत बंद होतात असा काही नियम नाही. ते कंपनी आणि मॉडेल यांवर ठरतं. एस23 ला कंपनीने चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट सांगितले आहेत, म्हणजे 2028 च्या सुरुवातीपर्यंत. ऑक्टोबर 2023 मधल्या गूगलच्या पिक्सेल 8 ला आणि जानेवारी 2024 मधल्या गॅलेक्सी एस24 ला सात-सात वर्षं. आयफोनचं बघा: 2018 चे एक्सआर आणि एक्सएस हे 2025 च्या आयओएस 26 (आयफोनची प्रणाली) मधून वगळले गेले, पण 2019 चा आयफोन 11 त्यात आहे. उलट बाजूला असे कितीतरी स्वस्त फोन आहेत, ज्यांना एक-दोन अँड्रॉइड आवृत्त्यांपलीकडे काही मिळत नाही. आज सीलपॅक घेतलेला तसला फोन एस23 च्या आधी उघडा पडू शकतो. म्हणून मॉडेल किती वर्षांपूर्वी आलं हे विचारण्यापेक्षा अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत येणार, ते विचारा.

इथे एक गोष्ट गिऱ्हाइकांना नेहमी समजावून सांगावी लागते. अँड्रॉइड 10 पासून गूगल फोनचे काही भाग प्ले स्टोअरच्या वाटेने परस्पर अपडेट करतं, त्यामुळे कंपनीने हात काढून घेतला तरी फोनला काहीच मिळत नाही असं होत नाही. पण चिपची, मोडेमची (नेटवर्क पकडणारा भाग), कर्नलची (प्रणालीचा गाभा) भोकं बुजवायचं काम कंपनीलाच करावं लागतं. ते थांबलं असेल तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नका, हे मी ठामपणे सांगतो. सेटिंगमध्ये अँड्रॉइड आवृत्तीच्या पानावर सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. जुना फोन घेताना ती आधी बघा. वर्षभर मागे असेल आणि अपडेट शोधूनही काही येत नसेल, तर फोन परत द्या.

अ‍ॅपचा मुद्दा लवकर संपतो. मे 2025 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने आयफोनसाठी अट वाढवली, ती आयओएस 15.1 अशी. 2015 चा आयफोन 6एस त्या अटीत बसतो. अँड्रॉइडकडे तेव्हा 5.0 पुरत होतं, आणि ती आवृत्ती 2014 ची. बँकांची अ‍ॅप यापेक्षा कडक असतात, हे मान्य. तरी ती अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षेची स्थिती बघतात, मॉडेल कधी आलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

बॅटरीबद्दल मात्र मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे. लिथियम-आयन बॅटरी तीन गोष्टींनी झिजते: चार्जिंगच्या फेऱ्या, उष्णता आणि नुसता उलटलेला काळ. अ‍ॅपलच्याच सांगण्याप्रमाणे आयफोन 14 पर्यंतच्या बॅटऱ्या 500 पूर्ण फेऱ्यांनंतर 80 टक्के क्षमता राखतील अशा बनवल्या आहेत, आणि 15 पासून पुढच्या 1000 फेऱ्यांनंतर. फोन वापरण्यासाठी भोवतालचं तापमान तीच कंपनी 0 ते 35 अंश सांगते. आता नागपूरचा मे महिना आठवा. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश नोंदले गेले. (मे 2024 मध्ये 56 अंशांचा आकडा असाच मोबाइलवरून गावभर फिरला होता. तो सेन्सरचा दोष असल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं.) दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत किंवा डॅशबोर्डवर राहिलेल्या फोनच्या बॅटरीचं काय होतं ते मी दर उन्हाळ्यात बघतो: फुगते आणि मागचं कव्हर उचलून धरते. त्यात वर्षभरापूर्वी घेतलेले फोनही असतात.

सीलपॅक म्हणजे बॅटरी ताजी, असंही समजू नका. गेल्या वर्षी एक मुलगा फोन घेऊन आला. एका दुकानातून मोठ्या सवलतीत घेतलेला, पॅकबंद, महिनाभरच वापरलेला, तरी चार्ज टिकत नव्हता. मी डबा मागवून घेतला. लेबलवर उत्पादनाचा महिना होता, खरेदीच्या तब्बल अडीच वर्षं आधीचा. न वापरता पडून राहिली तरी बॅटरी म्हातारी होते, आणि गोदामात उन्हाळे काढले असतील तर जास्तच. नवा डबा घेतानाही तो महिना वाचा.

पण झिजलेली बॅटरी बदलता येते. डिसेंबर 2017 मध्ये अ‍ॅपलने कबूल केलं की बॅटरी थकलेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जातो. बॅटरी बदलली की तेच फोन पुन्हा पहिल्यासारखे चालायचे. लोक ज्याला “फोन म्हातारा झाला” म्हणतात, ते पुष्कळदा एका सुट्या भागाचं दुखणं असतं. बदलायची तर ओरिजनल घाला, कॉपी नको. आणि फोन एकदा उघडला की पाण्यापासूनच्या संरक्षणावर पूर्वीइतका भरवसा ठेवू नका, हे माझ्यासारख्याने आधीच सांगायला हवं.

5जी आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं. त्याआधीच्या फोनांत बँड, म्हणजे फोन पकडतो ते लहरींचे पट्टे, तपासावे लागतात, इतपत इशारा बरोबर आहे. सुरुवातीच्या कितीतरी 5जी फोनांत एन78 हा एकच बँड होता. जिओ मात्र एन28 ही वापरतं, आणि तो भिंतींच्या आत चांगला शिरतो. शिवाय जिओचं 5जी स्टँडअलोन पद्धतीचं, म्हणजे 4जीच्या आधाराविना चालणारं आहे, ते फोनला यावं लागतं. आयफोन 12 हा 2020 चा, त्याला भारतात 5जी मिळालं ते डिसेंबर 2022 च्या अपडेटने. एस23 च्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही.

राहिलं ते “त्याच पैशात नवा सरस”. यावर मी सर्वांत जास्त वाद घालतो, कारण नवेपणाने भले भले फसलेत. 2021 चे स्नॅपड्रॅगन 870 चिपवाले फोन घ्या आणि 2022 च्या सुरुवातीचे 8 जेन 1 वाले घ्या. दुसरे नवे, महाग, कागदावर वेगवान. पण 8 जेन 1 आणि तिच्या आधीची 888 या दोन्ही चिप तापण्यासाठीच ओळखल्या गेल्या. स्नॅपड्रॅगनवाल्या क्वालकॉमने मे 2022 च्या 8 प्लस जेन 1 साठी कारखाना बदलून तैवानच्या टीएसएमसी कंपनीकडे काम दिलं, तेव्हा फरक पडला. आपल्या उन्हात “फोन गरम होऊन राहिला” म्हणत येणाऱ्यांचं नुसतं साल बघून मला काहीच कळत नाही, आत चिप कोणती ते बघावं लागतं.

एस23 मध्ये 8 जेन 2 आहे, मुख्य कॅमेऱ्याला हात हलला तरी फोटो सावरणारं ओआयएस आहे, तीनपट झूमची वेगळी लेन्स आहे. 25 हजारांच्या बहुतेक नव्या फोनांत ती लेन्स नसते, त्या जागी 2 मेगापिक्सेलचा मॅक्रो असतो आणि तो सहसा कोणी दुसऱ्यांदा उघडत नाही. पण नवा फोन कुठे जिंकतो तेही सांगतो: बॅटरीत आणि चार्जिंगच्या वेगात. एस23 ची बॅटरी 3,900 एमएएचची. दिवसभर गाडीवर नकाशा लावून डिलिव्हरी करणाऱ्या पोराला मी तो घेऊ देणार नाही. भाचीचं तसं नाही. कॉलेज, नोट्सचे फोटो, रात्री होस्टेलवर चार्जिंग.

शनिवारी ती आणि भाऊजी दुकानात येताहेत, फोन घेऊन, पैसे न देता. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढू, तो केवायएम (KYM) या अक्षरांच्या पुढे लिहून 14422 वर एसएमएस करू, म्हणजे चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला नाही ना ते कळेल. पांढऱ्या पडद्यावर रेघ किंवा डाग बघू. सिक्युरिटी अपडेटची तारीख बघू. बॅटरी ढिली निघाली तर अधिकृत केंद्रात ती बदलायचा खर्च किमतीत धरू, आणि तो धरून 25 हजारांच्या वर जात असेल तर हा फोन सोडून दे, असं मी तिला आधीच सांगून ठेवलंय.