बाजू ए, गाणं तिसरं

संक्रांतीच्या आधीचा मंगळवार, सकाळचे सव्वासहा. ओट्यापाशी फरशी इतकी गार, की मी बगळ्यासारखी एका पायावर उभी राहून पोळ्या लाटत होते. दर पोळीला पाय बदलायचा. अशा वेळी मला बाबांची कॅसेट लागते. साठ मिनिटांची, १९८६ साली रेडिओसमोर टेप ठेवून भरलेली. पाठीवर बाबांच्या अक्षरात ‘पुसू नये’, आणि शब्दावर कुणाचा भरवसा नको म्हणून मागचा प्लास्टिकचा दातही मोडलेला.

तिसऱ्या गाण्याचा दुसरा अंतरा सुरू होणार, तेवढ्यात गायिकेचा आवाज जड झाला, मग पुरुषी झाला, मग बंद. झाकण उघडलं तर आत शेवयांचा गुंता.

‘‘खाल्ली का?’’ तोंडात ब्रश धरून नवऱ्याने विचारलं. टेपने कॅसेट खाल्ली की त्याला का कोण जाणे, आनंद होतो.

दोष पट्ट्याचा. टेपमध्ये एक रबरी चाक फीत पुढे ढकलतं आणि पलीकडची चकती ती गोळा करून घेते. चकतीचा पट्टा सैल पडला की इकडून फीत येतच राहते आणि तिकडे उचल होत नाही. आमच्या ऑफिसातलं आवक-जावक असंच चालतं. पण तिथे निदान गाणं तरी अडकत नाही.

इथे अडकलं. माझ्या डोक्यात. पहिला अंतरा, धृपद, आणि मग खड्डा. पुन्हा पहिला अंतरा. गाण्याचं नाव सांगत नाही. तुमच्या मागे लागलं तर मला शिव्या द्याल.

स्वेटर, त्यावर जर्किन, कानाला स्कार्फ, हातमोजे असा जामानिमा करून सदाशिव पेठेतून निघाले. स्कूटीने बटणाला दाद दिली नाही, किकला दिली, अकराव्या. जंगली महाराज रस्त्याला डोळ्यांतून पाणी. पुढे सिमला ऑफिसचा सिग्नल. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, तेव्हापासून त्या इमारतीला चिकटलेलं हे नाव. एरवी लक्षात येत नाही, पण जानेवारीत सकाळी आठला तिथे नव्वद सेकंद उभं राहिलं की वाटतं, माणसं आली तेव्हा थोडी थंडीही सामानात बांधून आणली असावी. तेवढ्या वेळात गाणं दोनदा खड्ड्यापर्यंत जाऊन आलं.

ऑफिसात शिरल्यावर जर्किन काढायचं नसतं, चढवायचं असतं. आमचा एसी बारा महिने एकाच आकड्यावर असतो आणि त्याच्या बटणांना प्लास्टिकची पेटी बसवून कुलूप घातलंय. किल्ली कुणाकडे, हे आठ वर्षांत कळलेलं नाही. शालीतून दोन बोटं बाहेर काढून मी जीएसटीचा ताळा जुळवत होते. साडेअकराच्या मीटिंगमध्ये साहेब थकबाकीवर बोलता बोलता श्वास घ्यायला थांबले आणि त्या शांततेत मी पहिला अंतरा गुणगुणले. नुसती चाल नव्हे, शब्दांसकट.

‘‘मॅडम, काही सांगायचंय?’’

‘‘नाही सर. तिथपर्यंतच येतंय.’’

थकबाकीचंही तसंच असल्यामुळे त्यांनी मान डोलावली.

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या मुलीला माझी दया आली. वय पंचवीस, कॅसेट तिने फक्त चित्रात पाहिलेली. ‘‘काकू, एवढंच ना?’’ म्हणत तिने तिळाच्या चटणीचं बोट पुसलं आणि फोनवर गाणं लावलं. पहिला अंतरा, धृपद, दुसरा अंतरा, सगळं पूर्ण, स्वच्छ, खळखळीत. मी डोळे मिटून ऐकलं. आणि ते संपल्या संपल्या डोक्यात पुन्हा पहिला अंतरा सुरू.

दुपारी तीनच्या चहाला उलगडा झाला. फोनवरच्या गाण्यात कुकर नव्हता.

बाबा रेडिओसमोर टेप धरून बसायचे तेव्हा घराला शांततेचा हुकूम असायचा. पण कुकरला हुकूम कोण देणार? आमच्या दुसऱ्या अंतऱ्यात दोन ओळींनंतर शिट्टी आहे. मग अजून एक. तिसरीला आईचा आवाज, ‘‘गॅस बंद करा कुणीतरी!’’ आणि त्यावर बाबांचं ‘‘श्शू!’’ माझ्या लेखी गाणं असं आहे. संगीतकाराने तिथे नुसत्या बासऱ्या ठेवल्यात, त्याला माझा इलाज नाही.

सहाला ऑफिस सुटल्यावर सरळ बुधवार पेठेत, तपकीर गल्लीपाशी. दुकानदार कानटोपीत. ‘‘टेपचा पट्टा हवाय.’’

‘‘जुना आणलाय?’’

‘‘नाही. साधारण एवढा असेल.’’ मी बोटांनी गोल करून दाखवला.

‘‘बाई, बांगडी मागताय की पट्टा?’’

शेवटी तीन मापांचे तीन घेतले. तिसरा बसला. पहिले दोन बसवताना नवरा विजेरी धरून होता आणि ती सतत माझ्या डोळ्यांवर मारत होता. आता फीत गुंडाळायला षटकोनी पेन्सिल हवी. घरात तीन फोन, दोन लॅपटॉप, पेन्सिल नाही. अखेर बंगळूरला असलेल्या लेकीच्या जुन्या कंपासपेटीत निघाली, टोकाला चावलेली. ती चकतीत घालून हळूहळू फिरवत, चुरगळलेली वीतभर फीत बोटांनी सपाट करत, मी सकाळपासूनची शेवई परत पोटात घातली.

रात्रीचे साडेनऊ. दोघांच्या अंगावर रजया, बशीत गुळपोळीचे तुकडे. प्ले दाबलं. पहिला अंतरा. धृपद. चुरगळलेल्या जागी गायिका एकदा पाण्याखाली जाऊन वर आली. दुसरा अंतरा. दोन ओळी. शिट्टी. दुसरी. तिसरी.

‘‘गॅस बंद करा कुणीतरी!’’

एरवी तीन हाका मारल्याशिवाय न हलणारा माझा नवरा रजई फेकून, अनवाणी, त्या गार फरशीवरून स्वयंपाकघरात गेला. गॅसचं बटण फिरवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

‘‘अगं,’’ तो आतून म्हणाला, ‘‘गॅसवर तर काहीच नाहीये.’’

‘‘श्शू!’’ बाबा म्हणाले.