‘रक्तातच नसतं’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

रविवारी सकाळी मावशीने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. पाच मुद्दे, खाली जोडलेले हात. विषय काय तर आईबापांपासून लांब, बालगृहात नाहीतर फॉस्टर घरात (म्हणजे दत्तक न घेता काही काळ सांभाळणाऱ्या कुटुंबात) वाढणारी मुलं शिक्षणात मागे का पडतात. एरवी मी असलं काही न वाचताच पुढे जाते. पण त्याच ग्रुपवर माझी मावसबहीण आहे, तिच्याकडे गेल्या वर्षीपासून एक तेरा वर्षांची मुलगी फॉस्टरमध्ये राहतेय आणि ती पोरगी सुट्टीच्या दिवशी बहिणीचाच फोन घेऊन बसलेली असते. तिने वाचलं. आणि बहिणीला विचारलं, "रक्त तपासलं की कळतं का हे?"

तर आता एकेक मुद्दा घेऊ.

पहिला: "हुशारी रक्तातच नसते, मग कितीही चांगली शाळा द्या." हे लिहिणाऱ्याने रोमेनियाचं नाव तरी ऐकलंय का? तिथे १९८९ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची सत्ता गेली तेव्हा अनाथालयं मुलांनी खच्चून भरलेली होती. पुढे राजधानी बुखारेस्टमध्ये संशोधकांनी तिथली १३६ तान्ही मुलं घेतली, सगळ्यात मोठं अडीच वर्षांचं. चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, अर्धी मुलं फॉस्टर कुटुंबांत गेली, अर्धी संस्थेतच राहिली (असा प्रयोग करावा का यावर भरपूर वाद झाले, ते असो). साडेचार वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक मोजला तर कुटुंबात गेलेल्यांचा सरासरी ८१ आणि संस्थेत राहिलेल्यांचा ७३. २००७ मध्ये 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात छापून आलंय. अहो, चिठ्ठी काय रक्त बघून निघते का? दोन्हीकडे त्याच शहरातली, तसल्याच आईबापांची मुलं, फरक एवढाच की काहींना रात्री रडल्यावर उचलून घेणारं एक ठरलेलं माणूस मिळालं. आणि जी लवकर गेली, साधारण दोन वर्षांच्या आत, त्यांचं जास्त भरून निघालं. सगळं निघालं नाही, हेही खरं. जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेली मुलं त्याच वयाला १०९ वर होती. पण उशीर झाल्याचं नुकसान वेगळं आणि रक्त वेगळं, एवढं तर कळायला हरकत नाही.

दुसरा: "सगळं फुकट मिळतं तरी नापास होतात." मार्क कमी पडतात हे खरंय, बऱ्याच देशांत पडतात, ते नाकारून काय करू. पण का पडतात? बहिणीकडच्या मुलीची गणिताची वही बघा. गुणाकार, भागाकार झकास, अपूर्णांक आले की पान कोरं. का, तर ती ज्या शाळेत होती तिथे अपूर्णांक दिवाळीनंतर घेणार होते, मधेच तिची जागा बदलली, आणि नवीन शाळेत ते दिवाळीआधीच उरकले होते. झालं! मधले काही आठवडे दाखला येईना म्हणून घरीच बसलेली. नव्या बाईंच्या लेखी ही 'गणितात कच्ची'. आत्ताची तिची चौथी शाळा.

आणि हे एकट्या तिचं नाही. ऑक्सफर्ड आणि ब्रिस्टल विद्यापीठांनी मिळून २०१५ मध्ये एक मोठा अभ्यास केला, इंग्लंडमध्ये २०१३ ला सोळाव्या वर्षीची जीसीएसई परीक्षा दिलेल्या मुलांचा. सरकारी देखरेखीतल्या ज्या मुलांची शाळा शेवटच्या दोन वर्षांत बदलली, त्यांचा निकाल न बदललेल्यांपेक्षा सगळे विषय मिळून पाच ग्रेडहून जास्त खाली. वयाच्या अकराव्या वर्षानंतर राहायची जागा जितक्या वेळा बदलली तितक्या वेळा आणखी एक तृतीयांश ग्रेड गेली. जागा बदलायचा निर्णय मोठ्यांचा, दाखला अडकवणारी मोठी माणसं, आणि फुकट मिळालेलं दप्तर मोजून दाखवायचं पोराला!

तिसरा: "ही व्यवस्थाच मुलांचं वाटोळं करते, त्यापेक्षा जसं असेल तसं घरीच राहू द्या." अर्धं खरंय, नाइलाजाने मान्य. त्याच अभ्यासात सोळाव्या वर्षी संस्थेत राहणारी मुलं फॉस्टर किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्यांपेक्षा सहाहून जास्त ग्रेड मागे दिसली. (अर्थात संस्थेत बहुतेकदा आधीच जास्त पोळलेली मुलं जातात, तेही धरायला हवं.) पण फॉरवर्डने पुढचं सांगितलंच नाही. ज्या मुलांच्या घरी गंभीर अडचणी होत्या आणि तरी ती घरीच राहिली, त्यांचे निकाल जास्त काळ देखरेखीत राहिलेल्या मुलांपेक्षा वाईट आले. म्हणजे 'घरीच राहू द्या' हा काही उपाय नव्हे.

चौथा: "उगाच कॉलेजचे लाड नकोत, हाताचं काम शिकवा." हाताच्या कामाला माझं काहीच म्हणणं नाही, पण हे स्वतःच्या मुलाबद्दल तो सातवीत असताना कोण ठरवतं? पुढे चला.

पाचवा तर कहर आहे. "हुशार असेल तो कुठूनही वर येतोच, स्टीव्ह जॉब्ज बघा." अरे बाबा, ॲपल कंपनी काढणाऱ्या त्या जॉब्जला जन्मल्यावर लगेच दत्तक घेतलं होतं, एकच कुटुंब, एकच आईबाप. आणि सातवीत असताना त्याने या शाळेत जाणार नाही म्हणून हट्ट धरला तर त्या आईबापांनी, हातात फारसे पैसे नसताना, चांगल्या शाळेच्या हद्दीत नवीन घर घेतलं. त्याच्या शाळेसाठी घर बदललं, इथे घर बदललं म्हणून शाळा बदलते. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे, तुमच्या नाही.

मावशीला फोन केला. तिला खरंच वाईट वाटलं, "अगं मी नीट वाचलंच नव्हतं" म्हणाली. डिलीट करायला गेली तर तोवर वेळ टळून गेली होती, आता सगळ्यांच्या फोनवरून निघत नाही.

काल बहिणीने विचारलं, अपूर्णांक पहिल्यापासून असलेलं पुस्तक आहे का तुझ्याकडे. आहे, पाचवीचं. पोरगी सातवीत आहे, म्हणून पुस्तकावर छापलेली इयत्ता दिसू नये असं कव्हर घालून पाठवतेय.