‘रोज लाखभर पेशी मरतात’, पण पुढचं खरं नाही

‘चाळिशीनंतर मेंदूच्या रोज एक लाख पेशी मरतात, आतला करंट विझत जातो, साठीनंतर नवीन काही शिकता येत नाही’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. तो वाचून माझ्या ओळखीच्या एका आजींनी नवी भाषा शिकणं सोडलं, म्हणून हे लिहितेय.

आकडा अगदीच हवेतला नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 1997 मध्ये मेंदूच्या बाह्यपटलातल्या चेतापेशी मोजल्या. विशी ते नव्वदीपर्यंतची घट भरली सुमारे 10 टक्के. रोजच्या हिशेबात हा आकडा लाखाच्या जवळपास जातो, पण तिथे पेशी जवळजवळ 2,000 कोटी असतात! म्हणजे नव्वदीतही दहातल्या नऊ शाबूत.

करंटचं म्हणाल तर, ईईजी (डोक्याला तारा लावून घेतलेला मेंदूतल्या विजेचा आलेख) काढताना शांतपणे डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागातून सेकंदाला 8 ते 13 वेळा हेलकावणाऱ्या अल्फा लहरी उमटतात आणि डोळे उघडताच ओसरतात. म्हातारपणी त्यांचा वेग थोडा मंदावतो. त्या विझत नाहीत.

मेंदूत निरोप पोचवणाऱ्या डोपामिन या रसायनाचे ग्राहक (ते टिपणारे पेशींवरचे रेणू) मात्र खरोखर कमी होतात, दर दहा वर्षांना अंदाजे 10 टक्के. काही अंशी त्यामुळे नाव आठवायला वेळ लागतो, दोन कामं एकदम जमत नाहीत. शिकणं सावकाश होतं, पण होतं. शब्दसंग्रह तर साठीनंतरही टिकून राहतो.

ओळखीचा रस्ता चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं याला मात्र ‘वय झालं’ म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा.