टँकरवरून पडणारा ‘बेसावध’च असतो?

टँकरवरून कुणी पडलं की हा मजकूर हमखास फिरतो: ‘दहा-अकरा फूट म्हणजे काही उंची नव्हे. पडतात ते बेसावध. बेल्ट लावा, विषय संपला.’ तिन्ही वाक्यं चुकीची. तिसरं जास्त घातक, कारण ते शहाणपणाचं वाटतं.

उंचीचं बघू. साडेतीन मीटरवरून सुटलेला माणूस सेकंदाच्या आत, ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळतो. १९४८च्या कारखाने कायद्यातल्या कलम ३२ मध्ये त्यामुळेच फुटांचा आकडा नव्हता. जिथून पडण्याची शक्यता, तिथे कठडा किंवा दुसरी सोय हवी, एवढंच. ब्रिटनच्या उंचीवरच्या कामाच्या २००५च्या नियमांतही किमान उंची नाही.

आता बेसावधपणा. साखर कारखान्यात मळीच्या टँकरवर एकदा चढून बघा. मागची शिडी सरळ उभी, वर चालायला अरुंद पट्टी, दोन्हीकडे टाकीचा उतार, झाकणाभोवती सांडलेली मळी. डिझेलचा टँकर असेल तर तेलाचा थर, त्यावर पाऊस. झाकणाचे बोल्ट सोडायला वाकलं की दोन्ही हात गुंतले. मग धरायचं कशाला? क्लीनरच्या पायात चप्पल असते हे खरंच, पण बूट दिल्याने वर कठडा उगवत नाही.

बेल्टचं गणित तर कुणी करतच नाही. बेल्ट हुकाला जोडणारी नेहमीची दोरी १.८ मीटर. झटका शोषणारी पट्टी उसवते ती आणखी मीटरभर. बेल्टच्या पाठीवरच्या कडीपासून टाचेपर्यंत दीड मीटर. हुक पायाशी अडकवला तर बेरीज ४.३ मीटर, आणि टँकर साडेतीनचा! पट्टी पुरती उसवण्याआधीच माणूस जमिनीवर. हुक डोक्यावर हवा: गँट्रीच्या, म्हणजे टँकर भरायच्या मांडवाच्या, छताला पक्की लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायची आडवी तार, आणि तिला सीटबेल्टसारखी झटक्यासरशी अडकणारी दोरी. शिवाय लटकलेल्याला लगेच उतरवणारं कुणीतरी खाली हवं.

त्याहून बरा उपाय म्हणजे गँट्रीवरून टँकरवर टेकणारा घडीचा जिना आणि झाकणाभोवती पिंजरा. सगळ्यात उत्तम, टँकर खालच्या व्हॉल्व्हमधून भरायचा. भरण्यासाठी वर चढणंच नको. पण डेपो म्हणतो गाडी ट्रान्सपोर्टरची, ट्रान्सपोर्टर म्हणतो जागा डेपोची. माझ्या मते जिना आणि पिंजरा जागेवर बसतात, तेव्हा त्यांचा खर्च जागेवाल्याने उचलावा.