पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत थांबायचं? मुळीच नाही

घरी नवं पिल्लू आलं की कुणी ना कुणी एक मजकूर हमखास पाठवतं. त्यात म्हटलेलं असतं ते थोडक्यात असं: पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत शी-शूची सवय लावायला जाऊ नका, त्याआधी त्याला काही कळत नाही. लसी पूर्ण होईपर्यंत घरात करेल तिथे करू द्या. नंतर चूक केली की नाक त्या जागेवर घासा, आपण काय केलं ते कुत्र्याला बरोबर कळतं. संध्याकाळनंतर पाणी देऊ नका. आणि एवढं करूनही घरातच करत असेल, तर ते पिल्लू हट्टी आहे.

पोरक्या पिल्लांना कायमचं घर मिळेपर्यंत मी त्यांना माझ्याकडे सांभाळते. या सल्ल्यावर वाढलेली कुत्री सात-आठ महिन्यांची झाली की ‘फार घाण करते’ म्हणून परत आलेली मी पाहिली आहेत. म्हणून यातल्या एकेका वाक्याला उत्तर द्यायचं आहे.

‘चार महिन्यांआधी कळत नाही.’ इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. शू धरून ठेवणं ही शरीराची ताकद आहे, आणि ती वयानुसारच येते. कुठे करायची ते ओळखणं हे शिकणं आहे, आणि ते फार लवकर सुरू होतं.

जन्मलेल्या पिल्लाला आपली आपण शी-शूसुद्धा होत नाही. आई पोटाखालचा भाग चाटते, तेव्हा ती होते आणि आईच ती साफ करते. आई नसलेल्या पिल्लांना मी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसून हेच करून दिलेलं आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यात पिल्लू पायांवर उभं राहतं, त्याचं त्याला व्हायला लागतं, आणि मग एक सुंदर गोष्ट दिसते: ते लटपटत का होईना, झोपायच्या जागेपासून दूर जातं. कुणी शिकवलेलं नसतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी कुत्र्यांच्या वागणुकीवर अनेक वर्षं काम करून 1965 मध्ये ते प्रसिद्ध केलं. साडेआठ आठवड्यांच्या सुमाराला पिल्लं शीसाठी ठरावीक जागा निवडायला लागतात, असं त्यांनी नोंदवलं आहे. म्हणजे बहुतेक पिल्लं ज्या वयात नव्या घरी येतात, नेमकं तेच वय. पायाखाली काय लागलं की मोकळं व्हायचं, हे तेव्हा ठरत असतं. त्या काळात पायाखाली रोज गुळगुळीत फरशी असेल, तर फरशीच ठरते.

‘थांबा’ म्हणणाऱ्यांना हिशेब करून दाखवावासा वाटतो. आठव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत 56 दिवस होतात. पिल्लू दिवसातून दहा वेळा तरी करतं. म्हणजे जवळजवळ 560 वेळा त्याने ‘जागा म्हणजे दिवाणखाना’ हा धडा गिरवलेला असतो, आणि मग आपण ठरवतो की आता शिकवायला सुरुवात करू.

लवकर शिकवायचं म्हणजे पिल्लाकडून संयम मागायचा नाही, आपण वेळ पाळायची. झोपेतून उठलं की लगेच, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांच्या आत, खेळ रंगात आल्यावर मध्येच एकदा, आणि झोपायच्या आधी त्याला ठरलेल्या जागी न्यायचं. अगदी लहान असेल तर उचलूनच न्या, चालत गेलं तर वाटेतच होतं. तिथे गप्प उभं राहायचं. झालं रे झालं की तिथेच शाबासकी आणि खाऊचा तुकडा. घरात परत येऊन दिलेला खाऊ हा घरात आल्याचा खाऊ ठरतो. आणि शू झाली की तडक आत आणू नका, थोडं खेळू द्या. नाहीतर ‘केलं की मजा संपते’ हे पिल्लू पटकन शिकतं आणि बाहेर धरून ठेवून आत आल्यावर करतं. धरून ठेवण्याचा ढोबळ अंदाज म्हणजे वयाचे महिने अधिक एक, तेवढे तास, तेही शांत असताना. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. खेळत असेल तर अर्धा तासही खूप होतो.

‘लसी होईपर्यंत कुठेही करू द्या.’ यामागची भीती खरी आहे, तिला मी हलकं लेखणार नाही. पार्व्हो या जुलाब-उलट्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि लहान पिल्लाचा जीव घेतो. पहिल्या लसी सहा ते आठ आठवड्यांना सुरू होऊन दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने किमान सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर अनोळखी कुत्री फिरतात त्या जमिनीवर पिल्लाला सोडू नये, हे अगदी बरोबर. पण त्यातून ‘घरात कुठेही’ कसं निघतं? बाहेरची कुत्री येत नाहीत असं अंगण असेल तर ते वापरा. नसेल तर गॅलरीत किंवा न्हाणीघरात एक ट्रे ठेवा आणि त्यात हिरवळीचा तुकडा किंवा स्वच्छ माती घाला. पुढे ज्या पृष्ठभागावर करायला हवं, तोच पृष्ठभाग आत्ता पायाखाली द्यायचा. कागद किंवा पॅड वापरणं गुन्हा नाही, पण पॅडची सवय नंतर सोडवावी लागते आणि पायपुसणंही पिल्लाला पॅडसारखंच लागतं.

‘नाक घासा, त्याला चूक कळते.’ या वाक्याचा मला सगळ्यात राग येतो. कान मागे, नजर खाली, शेपटी पायात, हा चेहरा पाहून माणसं म्हणतात, बघा, त्याला माहीत आहे. कुत्र्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये 14 कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने खाऊ नको म्हणून सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं. परतल्यावर कुत्र्याने तो खाल्ला की नाही हे मालकाला सांगितलं जायचं, पण कधी खरं, कधी खोटं. तो ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने खाल्लं होतं का यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला का यावर होता. काहीही न केलेल्या कुत्र्यांना ओरडा बसला, तेव्हा तो चेहरा उलट जास्तच दिसला. आपण जिला कबुली समजतो ती भीती असते.

दहा मिनिटांपूर्वी केलेली शू आणि आत्ता मानेला धरलेला हात यांचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. त्याला एवढंच कळतं की हे माणूस आणि जमिनीवरचं ओलं एकत्र आलं की मार बसतो. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. काही पिल्लं शी खाऊन टाकतात. माझ्याकडे परत आलेली एक सात महिन्यांची कुत्री पट्टा लावून बाहेर नेली की माझ्यासमोर शू करायचीच नाही. थरथरत उभी राहायची, आत यायची आणि पडद्यामागे जाऊन करायची. माझ्या देखत तिने पहिल्यांदा केली ती नवव्या दिवशी. ती हट्टी नव्हती, घाबरलेली होती.

करताना दिसलं तर हलकी टाळी वाजवून लक्ष वेधा, उचला, जागेवर न्या. नंतर दिसलं तर पिल्लाला एक शब्द बोलू नका, फडकं घ्या. आधी टिपून घ्या, मग एन्झाइमवाल्या, म्हणजे शूचा वास मुळातून मोडणाऱ्या क्लीनरने पुसा. सुगंधी फिनेलने वास आपल्या नाकाला लपतो, त्याच्या नाही. अमोनिया असलेलं काही वापरू नका, त्याचा वास शूसारखाच येतो. ब्लीचही शूवर ओतू नका, त्यातून घातक वाफा निघतात.

‘संध्याकाळनंतर पाणी बंद.’ लहान पिल्लाच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं, त्याला तहानलेलं ठेवू नका. जेवणाच्या वेळा पक्क्या करा, शेवटचं जेवण लवकर द्या, झोपण्यापूर्वी एकदा न्या आणि रात्री एक-दोनदा गजर लावून उठा. उठणं काही आठवड्यांचंच असतं.

‘तरीही करतं म्हणजे हट्टी.’ तुम्हाला पाहून लोळण घेत दोन थेंब गळत असतील, तर ती शरणागती आहे, त्यावर रागावलं की ती वाढते. अस्वच्छ पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाची झोपायची जागा स्वच्छ ठेवण्याची उपजत ओढच मोडलेली असते, त्याला जास्त दिवस द्या. पुष्कळदा तर पिल्लाला सगळं घर मोकळं दिलेलं असतं आणि लक्ष कुणाचंच नसतं, तेव्हा आधी एकच खोली द्या. पण सवय लागलेलं पिल्लू अचानक घरात करू लागलं, दर थोड्या वेळाने थेंब-थेंब करत असेल, करताना कण्हत असेल, सारखं चाटत असेल किंवा शूला लालसर रंग असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. तेव्हा शिकवणं बाजूला ठेवा, स्वच्छ डबीत ताजी शू धरा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा.