हिरवं व्हा, पण दमानं

पर्यावरणाचं काम एकदम अंगावर घेऊ नका, साहेब. सोसत नाही. पहिल्या वर्षी लोगोत एक पान घाला. कॅन्टीनमधले प्लास्टिकचे कप काढून कागदी आणा (त्यांनाही आतून प्लास्टिकचंच अस्तर असतं, पण कपात वाकून कोण बघतंय?). पाच जूनला एमडींच्या हस्ते रोप लावा. फोटोत रोप नाही आलं तरी चालेल, झारी आली पाहिजे.

मग अहवाल. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना सेबीनं २०२२-२३ पासून 'बीआरएसआर', म्हणजे पर्यावरण-समाजाबाबतच्या जबाबदारीचा अहवाल, सक्तीचा केलाय. घाबरू नका. त्यातले काही प्रश्न सोडवायचेच, काही 'नेतृत्वा'चे, म्हणजे ऑप्शनला टाकण्याजोगे. तुमच्या चिमणीचा धूर म्हणजे स्कोप १, विकत घेतलेल्या विजेचा स्कोप २, हे सक्तीचे. पुरवठादाराचा धूर स्कोप ३ मध्ये, म्हणजे नेतृत्वात. आता सांगा, बॉयलर आपल्या आवारात ठेवण्यात काय शहाणपण? डाइंग, म्हणजे कापड रंगवायचं काम, बाहेरच्या जॉबवर्कवाल्याला द्या. कुंपणापलीकडे कोळसा तोच, राख तीच, दोरीवर वाळत घातलेल्या धुतल्या कपड्यांवर बसणारी काजळीही तीच. पण धूर आता ऐच्छिक झाला!

एवढं करूनही आकडा चढलाच, तर त्याला उलाढालीनं भागा. दर रुपयामागं किती उत्सर्जन, हेही अहवालात विचारतात. गेल्या वर्षी १०० रुपयांना विकलेला टॉवेल यंदा १२५ ला विका. कोळसा तेवढाच जळला, टॉवेल तेवढेच निघाले आणि 'उत्सर्जन तीव्रता' २० टक्क्यांनी उतरली. भाववाढीला गिऱ्हाईक उगाच नावं ठेवतं.

जाहिरातीत मात्र जपून. ऑक्टोबर २०२४ पासून 'इको-फ्रेंडली' म्हणायचं तर पुरावा दाखवावा लागतो. साध्या रंगसंगतीला त्यातून वगळलंय, तेव्हा शब्द खोडा आणि खोकं हिरवं करा.

राहिलं नेट झिरो, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून हिशेब शून्यावर आणणं. देशाचं साल २०७० आहे, तुम्ही २०५० जाहीर करा. वीस वर्षं पुढचे दिसाल, आणि तेव्हा उत्तर द्यायला सध्याच्या बोर्डातलं कोणी खुर्चीत नसेल.

आणि हो, दिवाळीला त्या जॉबवर्कवाल्याकडे मिठाई पाठवायला विसरू नका. कागदी खोक्यातूनच. खोक्यावर तारीख घालून फोटो काढून ठेवा, पुढच्या अहवालात 'पुरवठादारांशी संवाद' असा एक रकाना भरायचाय.