‘हृदय म्हणजेच युंगचा स्व’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

चिनी परंपरेतलं हृदय आणि मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “चिनी हृदय आणि युंगचा ‘स्व’ एकच. एवढ्याशा गोष्टीसाठी इतकं पांडित्य म्हणजे निव्वळ दुकानदारी.” (युंगचा ‘स्व’ म्हणजे माणसाचं समग्र व्यक्तिमत्त्व.) मतभेदाचं मला वावडं नाही. पण लेखातली एकही ओळ खोडून न काढता थेट लिहिणाऱ्याच्या हेतूवर यायचं, ही वाद घालायची रीत नव्हे. हे ग्रंथ मी वर्षानुवर्षं भाषांतरं शेजारी ठेवून वाचत आलो आहे. दुकान मांडायला नव्हे.

युंगला चिनी येत नव्हतं आणि त्याची सगळी भिस्त चिनी ग्रंथांचा जर्मन भाषांतरकार रिचर्ड विल्हेल्म याच्या भाषांतरावर होती, हे तुमचं म्हणणं खरं आहे. मान्य.

पण ‘एकच’? विल्हेल्मचं भाषांतर आणि युंगचं भाष्य असलेलं ‘सुवर्णपुष्पाचं रहस्य’ हे चिनी ध्यानसाधनेचं पुस्तक 1929 साली आलं. त्या ग्रंथातच हृदयं दोन आहेत. स्वर्गीय हृदय दोन डोळ्यांच्या मधे, आणि खालचं, मांसाचं हृदय छातीत. हे खालचं हृदय दुर्बळ राजाला न जुमानता सत्ता बळकावणाऱ्या सेनापतीसारखं वागतं, असं ग्रंथ म्हणतो. यातलं कुठलं तुमचा ‘स्व’? वरचं म्हणाल, तर खालचं युंगच्या ‘अहं’जवळ (जाणिवेतल्या ‘मी’जवळ) जातं आणि ‘एकच’ तिथेच संपतं.

साधनेचा सगळा तपशील याच सत्तांतराभोवती आहे. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, नजर नाकाच्या शेंड्याच्या रोखाने, श्वास इतका मंद की स्वतःच्या कानालाही ऐकू येऊ नये. ऐकू आला तर तो खरखरीत आहे, म्हणजे हृदय ताब्यात नाही. बिघडतं ते दोन तऱ्हांनी: एक तर गुंगी येते, नाहीतर चित्त पांगतं. चित्त पांगलं तर त्याला श्वासाशी बांधायचं. झोप आवरेना तर उठून फेऱ्या मारायच्या आणि डोकं स्वच्छ झालं की परत बसायचं. सकाळी एक उदबत्ती जळेपर्यंत बसता आलं तर उत्तम. सगळंच ‘स्व’ असेल, तर राज्य परत घ्यायचं कुणाकडून?

वैद्यकाकडे पाहा. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथाच्या ‘सूवन’ भागातल्या 8व्या अध्यायात शरीरात बारा अधिकारी आहेत: फुप्फुस मंत्री, यकृत सेनापती, हृदय राजा. राजाची दृष्टी स्वच्छ नसेल तर बाराही जण धोक्यात. त्याच ग्रंथाच्या ‘लिंगशू’ या दुसऱ्या भागाचा 71वा अध्याय आणखी पुढे जातो. रोगाने हृदय गाठलं तर तिथलं चैतन्य निघून जातं आणि माणूस मरतो, म्हणून घाव हृदयाभोवतीचं आवरण झेलतं. ही प्रतिमा वैद्याच्या बोटांपर्यंत पोहोचलेली आहे. छातीत धडधड होत असेल तर या आवरणाच्या वाहिनीवरचा (‘छी’ म्हणजे प्राणशक्ती वाहण्याच्या मार्गावरचा) नेइग्वान हा अ‍ॅक्युपंक्चरचा बिंदू वापरतात: मनगटाच्या आतल्या घडीपासून कोपराकडे दोन त्सुन (शरीरावर अंतर मोजायचं चिनी माप), दोन स्नायुबंधांच्या मधे. घडीपासून कोपराच्या घडीपर्यंतचं अंतर बारा त्सुन धरतात, म्हणजे त्याचा सहावा भाग, आणि तोही रोग्याच्याच हातावर मोजलेला. वैद्याने स्वतःच्या बोटांनी मोजलं तर लहान मुलाच्या हातावर बिंदू हमखास चुकतो. युंगचा ‘स्व’ म्हणजे जाणीव-नेणीव दोन्ही कवेत घेणारं समग्र व्यक्तिमत्त्व. त्याच्या वतीने घाव झेलणारं कुणी युंगने कल्पिलेलं नाही.

‘च्वांगत्झू’ या ताओवादी ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात तर कन्फ्यूशियस आपल्या शिष्याला, येन ह्वेला, हृदयाचा उपवास करायला सांगतो: कानाने ऐकू नकोस, हृदयाने ऐक, हृदयानेही नको, ‘छी’ने ऐक. म्हणजे हृदयही एका टप्प्यावर बाजूला ठेवायचं आहे. ‘स्व’ बाजूला ठेवा असं युंग कुठे म्हणतो, ते दाखवा. मी लेख बदलेन.

“हृदय म्हणजे भावना, हे शाळकरी पोरालाही कळतं” या तुमच्या वाक्यावर फार वेळ घालवत नाही. विचार करणं हे हृदयाचंच काम, असं कन्फ्यूशियसच्या परंपरेतला विचारवंत मेन्शियस स्पष्ट म्हणतो. भाषा क्लिष्ट, लेख लांब, या तक्रारींना उत्तर नाही. विषय तेवढी जागा मागतो. ज्ञानेश्वरीतल्या अनाहताचा, म्हणजे हृदयाजवळच्या चक्राचा, तुमचा प्रश्न चांगला आहे, पण सहाव्या अध्यायाच्या ओव्या समोर ठेवल्याशिवाय मी त्यावर लिहिणार नाही.

पुढची प्रतिक्रिया जरूर द्या. ग्रंथातली जागा दाखवून द्या, आणि ‘दुकानदारी’ हा शब्द आधी मागे घ्या.